खुर्चीची बैठक खचली असेल तर आधी पट्टे बघा

सांगलीच्या गावभागातली सागवानी खुर्ची, २०१९ च्या पुरात भिजलेली, आता बैठक खोल गेलीय; वरून नवा फोम टाकून रेक्झिन मारलं तर चालेल का आणि कापड किती आणू, असं तुम्ही विचारलंय. नुसता फोम टाकून भागणार नाही. बैठक खचते ती बहुतेक वेळा खालचे पट्टे ढिले पडल्यामुळे, आणि ज्यूटचा पट्टा पुराच्या पाण्यात राहिला की कुजतो, चुका (पट्टे-कापड ठोकायचे छोटे खिळे) गंजतात. त्यावर चार इंची फोम टाकला तरी खड्डा पडणारच.

खोलण्याआधी खुर्चीखाली पंधरा दिवस वर्तमानपत्र पसरून ठेवा. ताजा पिवळसर भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. मग आधी भोकांत सिरिंजने औषध, कापड नंतर.

आधी खालचं कापड काढा, मग पाठीची मागची बाजू, मग पाठ, शेवटी बैठक. बसवताना नेमकं उलटं. जुनं कापड फाडू नका, तोच तुमचा कटिंगचा नमुना. चूक उपसताना पेचकस लाकडाच्या रेषांच्या दिशेने सरकवा, आडवा लावला की कपची उडते. जुन्या भोकांत फेव्हिकॉल लावून काडेपेटीची काडी ठोका. सांधा हलत असेल तर जुना डिंक खरवडून नवा भरा, दोरीचा वेढा घालून काडीने पिळा आणि एक दिवस तसंच ठेवा.

आता पट्टे. १८ × १८ इंचाच्या बैठकीला दोन इंच रुंद पट्टा, पाच उभे, पाच आडवे, एकमेकांत विणून. साधारण ७ मीटर लागतो. आधी तुकडे कापून ठेवायचे नाहीत, ताणायला हाताशी काही उरत नाही. टोक दुमडून मागच्या पट्टीवर पाच चुका मारा, पण एका रेषेत नाही, खालीवर. एका रेषेत मारल्या की लाकूड चिरतं. मग सहा इंची फळीच्या तुकड्याला पट्टा गुंडाळून फळी चौकटीला टेकवा आणि खाली दाबा. हाताने ओढून हा ताण येत नाही. तीन चुका, कापा, दुमडा, वर आणखी दोन. थाप मारली की डग्ग्यासारखा आवाज आला पाहिजे. ‘थप्प’ आला तर तो पट्टा काढून परत.

पट्ट्यांवर गोणपाट हवंच, नाहीतर फोम फटींत घुसून कापला जातो. आपल्याकडे हळदीची पोती सहज मिळतात, पण ती नकोत. कितीही झटका, हळद राहते आणि पावसाळ्यात फिक्या कापडाला डाग देते.

फोम ४० डेन्सिटीचा, दोन इंची. दुकानात काहीही सांगतील, तुम्ही वजन करा. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो, म्हणून १८ × १८ × २ इंचाचा तुकडा सुमारे ४२५ ग्रॅम भरतो. ३०० ग्रॅम भरला तर तो २८ डेन्सिटीचा. चारी बाजूंनी पाव इंच मोठा कापा, म्हणजे कडेला कापड पोकळ राहत नाही. फोमवर मांजरपाट ओढून घ्या, सुरकुत्या कमी पडतात.

कापडाचं गणित: १८ इंच, फोमच्या जाडीचे ४, चौकटीचे ३, पकडायला ३, म्हणजे बैठकीला २८ × २८. सोळा इंची चौरस पाठीला, फोम एक इंची, २४ × २४. ५४ इंच पन्ह्यात दोन्ही शेजारी बसतात. पाठीची मागची बाजू धरून सव्वा मीटर घ्या. मोठं डिझाइन असेल तर दीड. रेक्झिन मी सुचवणार नाही, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाठीला चिकटतं.

चारी बाजूंच्या मध्यावर एकेक चूक अर्धवट मारा, विणीची रेघ सरळ आहे का बघा, मग मध्यापासून कोपऱ्याकडे जा. कोपऱ्याचे दोन इंच शेवटी. मागच्या पायांपाशी काप देताना हात आखडता ठेवा. अर्धा इंच जास्त गेला तर भोक वरून दिसतं आणि अख्खा तुकडा वाया जातो. साध्या हातगनची (हाताने दाबून पिना मारायच्या स्टेपलरची) पिन सागात पूर्ण शिरत नाही, तिथे अर्ध्या इंची चुकाच बऱ्या.

आत स्प्रिंग निघाल्या तर मात्र कारागिराकडे न्या. त्या बांधणं पहिल्या खेपेला जमणारं काम नाही.