हायब्रिड एसयूव्ही खरंच २८ चं एव्हरेज देते का? इंदूरात रोज चालवणाऱ्याचा हिशोब

तुम्ही विचारलंय की इंदूरात घर ते ऑफिस सहा किलोमीटर, महिन्याचं रनिंग सहाशेच्या आसपास, वर्षातून दोन-तीनदा पुणे, आणि शोरूमवाला म्हणतोय हायब्रिड घ्या, २८ चं एव्हरेज आहे, तर साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा अडीच लाख जास्त द्यावे का.

आधी ते २८ विसरा. मग पुढचं वाचा, कारण गाडी वाईट नाहीये, उलट मला फार आवडते, पण तुमचं रनिंग वाचून मला तुमच्यापेक्षा माझे सासरे आठवले. ते का ते खाली येईलच.

मी राजेंद्रनगरला राहतो, ऑफिस विजयनगरला, म्हणजे एका बाजूने पंधराएक किलोमीटर, भंवरकुआं आणि पलासिया दोन्हीकडची गर्दी खात जायचं. गाडी मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर यातली एक, कुठली ते सांगत नाही नाहीतर खाली त्यावरच भांडण सुरू होईल, आणि तसंही दोघी बहिणीच आहेत, आतलं मशीन एकच. १.५ लिटरचं तीन सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, सोबत मोटर, आणि मागे डिकीखाली लिथियम बॅटरी, तीही फक्त ०.७६ युनिटची. हे ०.७६ लक्षात ठेवा, बरंचसं गणित त्यातच आहे. घरचा गिझर अर्धा तासही चालणार नाही एवढी वीज.

कंपनीचा आकडा २७.९७ आहे आणि तो खोटा नाहीये. पण तो येतो कुठून बघा. टेस्ट रोलरवर होते, गाडी जागेवरच उभी, चाकं फिरतात, सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत आणि अकरा किलोमीटरच्या आत संपतो, जास्तीत जास्त स्पीड ९० आणि तोही थोडाच वेळ, एसी बंद. आता मे महिन्यात इंदूरात एसी बंद करून चालवून दाखवा म्हणावं. बरं, सगळ्याच गाड्यांची टेस्ट अशी होते म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, खिशाचा हिशोब करायला नाही.

अजून एक, शोरूममध्ये नीट विचारून घ्या की ते दाखवतायत ती स्ट्राँग हायब्रिड (माझ्यासारखी, एकट्या बॅटरीवरही चालणारी) आहे का माइल्ड. ग्रँड विटारात दोन्ही आहेत. माइल्डमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हात लावते, गाडी एकट्या बॅटरीवर चालत नाही, तिचा कंपनीचा आकडाच मॅन्युअलला २१.११ आहे. माझा भाचा माइल्ड बघून आला आणि घरभर सांगत सुटला की मामासारखीच हायब्रिड घेतोय.

आता माझे आकडे. मी स्क्रीनवरचं एव्हरेज धरत नाही, वहीत लिहितो. बायको हसते पण वही आहे. पंप एकच, ऑटो-कट झाला की थांबायचं, वरून "साहेब राउंड फिगर करू का" ला नाही म्हणायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरून किलोमीटर भागिले लिटर. नमुना देतो: ७१२ किलोमीटर, ३१.४ लिटर, म्हणजे २२.७. स्क्रीन तेव्हा २४.१ दाखवत होती. माझ्या गाडीत स्क्रीन दर वेळी पाच-सहा टक्के वरच बोलते, कधीच खाली नाही. म्हणून कोणी स्क्रीनचा फोटो टाकून २६ म्हणालं की मी मनात २४.५ लिहितो. एका टाकीवरही जाऊ नका, दोन वेळच्या ऑटो-कटमध्येच लिटरभर फरक पडू शकतो, चार-पाच टंक्यांची बेरीज करा मग भागा.

वर्षभराचं म्हणाल तर शहरात २० ते २४. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी सगळ्यात भारी, एसी नाही आणि थंडीही बेताची. मे-जूनमध्ये २०-२१ वर येतं.

लोकांना नवल याचं वाटतं की गर्दीत ही जास्त देते. मागे एकदा राजवाड्याजवळ जवाहर मार्गावर सणाच्या गर्दीत पाऊण तास अडकलो होतो, पुढे ई-रिक्षा, मागे ई-रिक्षा, बाजूच्या स्कूटरवाल्याच्या मांडीवर मिठाईचे डबे. तेवढ्या वेळात इंजिन मोजून चार-पाचदा लागलं, दर वेळी दोन-तीन मिनिटं, बाकी सगळं बॅटरीवर, एसीसकट, कारण हिचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, विजेवर चालतो. साधी पेट्रोल गाडी तिथे पूर्ण पाऊण तास पेट्रोल पीत उभी राहिली असती. हायब्रिडचा सगळा फायदा या अशा जागीच आहे, थांबा-चला, थांबा-चला.

पण एक समजून घ्या, बॅटरीतली वीज फुकटची नाहीये. ब्रेक लावताना जी परत आली तेवढीच फुकट, बाकी इंजिनाने पेट्रोल जाळूनच भरलेली. त्यामुळे ईव्हीचं बटण दाबून शेजाऱ्यांना बिनआवाजाची गाडी दाखवायची, मग तीच बॅटरी इंजिनाकडून भरून घ्यायची, यात काही वाचत नाही. वाचतं ते ब्रेकमध्ये. सिग्नल लांबून लाल दिसला की पाय उचला आणि ब्रेक हलका, लांबवर लावा, म्हणजे मोटर उलटी जनरेटर होऊन वीज परत घेते. शेवटच्या क्षणाला कचकन दाबलात की डिस्क तापणार आणि ती ताकद हवेत गेली. माझा मुलगा चालवतो तेव्हा त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत दीड-दोनने कमी येतं, फरक फक्त ब्रेकच्या पायाचा. एक्सिलरेटरचा मी धरत नाही, तोही आहे पण कमी.

आता सासरे. रामबागेत राहतात, माझी बघून त्यांनी तीच गाडी घेतली, तेच मॉडेल, फक्त रंग वेगळा. सकाळी दूध-भाजी, मग बँक, बुधवारी खजराना गणपती, संध्याकाळी मित्राकडे. एक-दीड किलोमीटरच्या चकरा, मध्ये दोन-तीन तास गाडी उभी. त्यांची टंकी मी एकदा भरली, दोन महिन्यांत ४१० किलोमीटर आणि २४.३ लिटर. म्हणजे १६.९. माझ्याहून सहाने कमी, आणि सासरे तर माझ्यापेक्षा हळू चालवतात.

कारण असं की थंड इंजिनाला आधी गरम व्हायचं असतं. पाणी तापेपर्यंत, धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत इंजिन चालूच राहतं, गाडी उभी असली तरी. डिसेंबरमध्ये सकाळी सातला काढून बघा, स्टार्ट केली की आधी अगदी शांत, मग पंधरा-वीस सेकंदात इंजिन घुरघुरायला लागतं आणि सोसायटीच्या गेटवर थांबलात तरी बंद होत नाही, ते हिरवं ईव्ही काही लागत नाही. माझ्याकडे हिवाळ्यात पहिले दीड-दोन किलोमीटर यातच जातात. पंधरा किलोमीटरच्या फेरीत दोन गेले तर काही नाही, पण दीड किलोमीटरची फेरी असेल तर गाडी गरम होते आणि घर येतं. दिवसातून चार वेळा हेच. म्हणजे हायब्रिडचे पैसे देऊन चालवली पेट्रोलच. तुमचं सहा किलोमीटर मधलं आहे, सासऱ्यांइतकं वाईट नाही पण माझ्यासारखंही नाही, मी १८-१९ धरेन, आणि रविवारच्या छोट्या चकरा धरल्या तर १७.

हायवेचं ऐका. पुण्याला दिवाळीत चौघं, डिकी भरलेली (डिकी आधीच लहान, बॅटरीने जागा खाल्लीय, दोन मोठ्या बॅगा आणि फराळाचे डबे झाले की संपली), एसी चालू, एबी रोडवर (आग्रा-मुंबई हायवे) १००-११० ने. ५९२ किलोमीटर, ३३.१ लिटर, १७.९. नंतर एकदा एकटाच गेलो, ८०-९० च्या वर नेली नाही, तर २१.८. हवेचा रेटा स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० चे ११० केले की जवळजवळ दुप्पट, त्यात गाडी उंच. आणि हायवेला ब्रेक लागतोच कुठे की बॅटरीला काही मिळेल, इंजिन सलग चालतं, मोटर नुसती सोबतीला. इंजिन स्वतः कंजूस आहे, अॅटकिन्सन पद्धतीचं, म्हणून अगदी पडत नाही, पण शहरात साध्या पेट्रोल गाडीशी (ती तिथे १३ देते) जो आठ-नऊचा फरक असतो तो इथे दोनवर येतो.

घाटाची गंमत वेगळीच. मानपूरच्या पुढे माळव्यावरून निमाडात उतरताना, खलघाटला नर्मदेपर्यंत इंदूरच्या मानाने चारेकशे मीटर खाली येतो आपण. पहिल्यांदा उतरत होतो, गिअरचा लिव्हर बी वर (उतारावर वेग आवरायचा मोड) टाकलेला, बॅटरीच्या कांड्या भराभर भरल्या, मी खूश, आणि मग अचानक इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं, पाय एक्सिलरेटरवर नसताना. बायको म्हणाली थांबवा, काहीतरी तुटलं. तुटलं काही नव्हतं, बॅटरी भरली की आणखी वीज ठेवायला जागाच नसते, मग गाडी इंजिन नुसतं फिरवून, पेट्रोल न जाळता, वेग आवरते. मी नंतर हिशोब केला, माणसं-सामान धरून दीड टनाच्या वरची गाडी चारशे मीटर खाली येते तर दीड युनिटाच्या वर ताकद निघते, आणि आपली बॅटरी आहे ०.७६ ची, तीही पूर्ण रिकामी-पूर्ण भरलेली कधी होऊ देत नाहीत. म्हणजे अर्ध्याहून जास्त सांडलं. परत येताना तोच घाट चढायचा, बॅटरी पाच-सात मिनिटांत खाली आणि मग तीन सिलेंडरचं इंजिन एकटं रडत चढतं. म्हणून "इंदूर-धुळे मला २५ मिळालं" म्हणणाऱ्याला विचारा, आणि धुळे-इंदूर?

पेट्रोलचं पण थोडं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉलमध्ये त्याच लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, त्यामुळे २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ताकद कागदावरच गेली. गाडी त्यासाठी बनलेली असली तर इंजिन थोडं भरून काढतं. सगळा दोष इथेनॉलवर टाकणारे पण पाहिलेत, टायरमध्ये हवा पाच पॉइंट कमी असते आणि शिव्या सरकारला.

आता तुमचे अडीच लाख. पेट्रोल मी लिटरला १०६ धरतो. साधं पेट्रोल मॉडेल शहरात १३ देईल, हायब्रिड तुमच्या चकरांत १७. महिन्याला ६०० म्हणजे वर्षाला ७२००. पेट्रोलवालीला ५५४ लिटर, हायब्रिडला ४२४. वाचले १३० लिटर, पावणेचौदा हजार. पुण्याच्या तीन चकरा, ३६०० किलोमीटर, १७ विरुद्ध १९, तिथे वाचले अडीच हजाराच्या आत. वर्षाला सोळा हजार. अडीच लाख निघायला साडेपंधरा वर्षं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, ती चांगलीच आहे, पण पंधरा नाहीये. माझं शहरातलंच रनिंग महिन्याला पंधराशे, १३ विरुद्ध २२, वर्षाला साठ हजार वाचतात, चार-सव्वाचार वर्षांत वसूल. दोघांना गाडी तीच, रस्तेही तेच.

मग घेऊच नका का? पैशासाठी घेत असाल तर नका घेऊ. गर्दीत बिनआवाजाची, गिअरची कटकट नाही, ट्रॅफिकमध्ये डोकं शांत, यासाठी घेत असाल तर घ्या, मी स्वतः आता क्लचची गाडी घेणार नाही. पण मग शोरूमवाल्याला २८ चं गाजर दाखवू देऊ नका. टेस्ट ड्राइव्हला ते दुपारी बोलावतात, गाडी सकाळपासून चार गिऱ्हाइकांनी फिरवून गरम केलेली असते, बॅटरी भरलेली, पाच किलोमीटरचा चक्कर, स्क्रीनवर २९. तुम्ही सांगा की सकाळी नऊला, रात्रभर उभी असलेली गाडी पाहिजे, ट्रिप मीटर शून्य करून माझ्या घरून माझ्या ऑफिसला, एसी २४ वर. कुरकुर करतील, पण देतात. तिथे जो आकडा येईल त्यातून दीड वजा करा, तो तुमचा.

सासऱ्यांना १६.९ मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या स्क्रीनवर १८ च्या वर येतं आणि रामबागेत ते सगळ्यांना वीस सांगतात.