‘ब्लॉक’ म्हणजे अवरोध?

प्रश्न: एका तांत्रिक लेखात ‘यूजर स्पेस ब्लॉक डिव्हाइस ड्रायव्हर’साठी ‘वापरकर्ता अवकाशातील अवरोध उपकरण चालक’ असं वाचलं. बरोबर आहे का?

अजिबात नाही! हे ‘अवरोध उपकरण’ वरचेवर कानावर पडतं आणि दर वेळी डोकं उठतं. मग त्याच्या भावंडाला, कीबोर्डासारख्या एकामागून एक बाइट देणाऱ्या ‘कॅरॅक्टर डिव्हाइस’ला, ‘चारित्र्य उपकरण’ म्हणणार का? ब्लॉक डिव्हाइस म्हणजे डिस्कसारखं साठवणीचं उपकरण. डिस्क सुटे बाइट देत नाही, ५१२ किंवा ४०९६ बाइटांचे ठोकळे देते. तो ठोकळा म्हणजे ब्लॉक. काही परिभाषाकार ‘खंड’वर अडून बसतात. पण खंड लहानमोठे असतात, आणि वाचनात खंड पडला तर डिस्क दुरुस्तीला न्यावी लागते.

खरी गंमत पुढेच आहे. मूळ डच ‘ब्लोक’ म्हणजे झाडाचा ओंडका. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. अडवण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आता आपल्याकडे बघा. झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायचा भोकं पाडलेला ओंडका, तो खोडा. आणि चांगल्या कामात घालतात तोही खोडाच! ओंडक्यापासून अडथळ्यापर्यंतची वाट दोन्ही भाषांनी आपापली चालून काढली. खोड आणि खोडा यांचं नातं कुणी नाकारलं तरी मी माझं मत सोडणार नाही.

हा खोडा ड्रायव्हरातही भेटतो बरं. लिनक्स ६.० मध्ये (२०२२) असे ड्रायव्हर लिहिण्याची ‘यूबीएलके’ ही सोय आली. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ड्रायव्हरचा पातळसा भाग राहतो. वाचा-लिहायच्या मागण्या तो ‘आयओ-यूरिंग’ या लिनक्समधल्या रांगेमार्फत बाहेरच्या, म्हणजे यूजर स्पेसमधल्या, एका साध्या प्रोग्रामकडे सोपवतो. तो प्रोग्राम कोसळला तरी कर्नल शाबूत. पण मेमरी संपत आली की कर्नल ती मोकळी करायला साठलेला डेटा त्याच डिस्कवर लिहायला काढतो, आणि लिहिणारा प्रोग्राम स्वतःच मेमरीसाठी ताटकळत बसलेला असू शकतो. प्रोग्राम मेमरीसाठी थांबलाय, कर्नल प्रोग्रामसाठी. याला खुशाल अवरोध म्हणा, पण उपकरणाला नको.

‘वापरकर्ता अवकाश’ राहिलंच की. तिथे अंतराळवीर राहत नाहीत. ‘यूजर स्पेस’च लिहा. ‘चालक’ही नको, ड्रायव्हर सगळ्यांना कळतो.