रक्तात मायक्रोफायलेरिया सापडले म्हणजे हार्टवर्मच का?

चेंबूरच्या तुमच्या इंडी कुत्रीच्या रिपोर्टमध्ये मायक्रोफायलेरिया आलेत, हा हार्टवर्म, म्हणजे हृदयातला जंत, का आणि घरातल्या मांजरीला तो तिच्यापासून लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

आमच्या बंड्या कुत्र्याचा असाच कागद हातात आला होता. दवाखान्यात 'हृदयात जंत' एवढंच ऐकलं आणि मी रात्रभर नेटवर शेवयांच्या गुंत्यासारख्या जंतांनी भरलेल्या हृदयांचे फोटो बघत बसलो. तुम्ही ते करू नका.

मायक्रोफायलेरिया ही जंताची रक्तात फिरणारी पिल्लं. कोणत्या जंताची, हे नुसती रक्ताची काच बघून दरवेळी कळत नाही. हृदयात राहणारा डायरोफायलेरिया इमिटिस आपल्या देशात मुख्यतः ईशान्येकडे सापडतो. त्याचा भाऊबंद रेपेन्स केरळात भरपूर आहे, आपल्याकडेही दिसतो. तोही डासांतूनच येतो, पण कातडीखाली राहतो, हृदयाच्या वाटेला जात नाही. म्हणून आधी हार्टवर्मची अँटिजेन टेस्ट करा. थोडंसं रक्त लागतं, निकाल लगेच मिळतो. ती प्रौढ मादीचं प्रथिन पकडते. डास चावल्यापासून जंत मोठा व्हायला सहा-सात महिने जातात, त्यामुळे नव्या लागणीत ती फसते. पण तुमच्या कुत्रीच्या रक्तात पिल्लंच फिरताहेत, म्हणजे आई कधीच मोठी झालीय. हार्टवर्म असेल तर टेस्ट बहुतेक पॉझिटिव्ह येईलच. बंड्याची निगेटिव्ह आली.

तोवर कुणी सांगितलं म्हणून दुकानातून आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध आणून पाजू नका. रक्तातली पुष्कळ पिल्लं एकदम मेली तर कुत्रं शॉकमध्ये जाऊ शकतं. आणि कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना या औषधाचा मोठा डोस जिवावर बेततो. टेस्ट पॉझिटिव्ह आलीच, तर एक्स-रे, हृदयाची इको, महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, मग मोठे जंत मारणारी मेलार्सोमिनची इंजेक्शनं असा लांबचा रस्ता आहे. त्यात सगळ्यात कठीण काय, तर कुत्र्याला काही महिने उड्या मारू न देणं. मेलेले जंत फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतात, म्हणून ही सक्ती.

मांजरीचं म्हणाल तर चाटल्याने, एका ताटलीत खाल्ल्याने काही होत नाही. अळीला आधी डासाच्या पोटात साधारण दोन आठवडे वाढावं लागतं. मात्र हार्टवर्म मांजरीला झाला तर तो कुत्र्यापेक्षा वाईट. जंत एक-दोनच असतात, त्यामुळे टेस्टमध्येही सुटतात. खोकला दम्यासारखा वाटतो, नाहीतर नुसत्या उलट्या होतात. वर मोठे जंत मारायला मांजरीसाठी सुरक्षित औषधच नाही. म्हणून तिच्यासाठी दर महिन्याला मानेवर लावायच्या प्रतिबंधक थेंबांबद्दल आत्ताच विचारून ठेवा.

आज एक करा, कुत्रीच्या पाठीवर, कुशीवर सावकाश हात फिरवा; रेपेन्सची कातडीखाली गाठ होऊ शकते. बंड्याच्या कुशीत चण्याएवढी गाठ होती, ती आम्ही गोचिडाची समजत होतो. अशी गाठ हाताला लागली तर डॉक्टरांना दाखवा.