आधी गिअर, मग नॉब
जड लेथच्या स्पिंडल वेगाबद्दल वाचकांचे प्रश्न

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की कोल्हापूर-सांगलीकडच्या जॉब शॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये) ऊस पिळण्याचे रोलर यायला लागतात आणि या सदराकडे येणारे प्रश्नही त्याच सुमारास जड होतात. या वेळी बहुतेकांनी स्पिंडलच्या, म्हणजे लेथमध्ये जॉब फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टच्या, वेगाबद्दलच विचारलंय, म्हणून तेवढेच प्रश्न घेतो.

प्रश्न : आमच्या जुन्या गिअर हेड लेथला २० एचपीची मोटर आहे. सारखे लिव्हर हलवायला नकोत म्हणून व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवला. लिव्हर १४६ आरपीएमच्या जागी कायम ठेवतो आणि नॉब फिरवून २५ आरपीएमवर आणतो. १००० मिमीचा रोलर हलक्या कटला चालतो, पण जड कट घेतला की ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होतो. पुढच्या साइझचा ड्राइव्ह घ्यावा का? (जॉब शॉप मालक, शिरोली एमआयडीसी)

उत्तर : नका घेऊ, पैसे वाया जातील. आधी हिशेब करू. २० एचपी म्हणजे १५ किलोवॅट. १४६० आरपीएमच्या मोटरचा पूर्ण टॉर्क साधारण ९८ न्यूटन-मीटर. बिडाच्या शेलवर (रोलरच्या बाहेरच्या कवचावर) कार्बाइड टिपने ८० मीटर प्रति मिनिट धरलं, तर १००० मिमी व्यासाला २५ आरपीएम येतो. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. आता ८ मिमी कट आणि ०.८ मिमी फीड लावला की टूलवर साडेसात हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे पाऊण टनाचा जोर येतो. हा जोर मध्यापासून अर्ध्या मीटरवर लागतो, म्हणून स्पिंडलला ३,७५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो.

तुमचा लिव्हर १४६ वर, म्हणजे मोटरचे दहा फेरे आणि स्पिंडलचा एक. ९८ गुणिले १० केलं की ९८०. मशिनकडे आहे ते एवढंच, लागतंय त्याच्या जवळपास पावपट. नॉबने फ्रिक्वेन्सी उतरवली की वेग उतरतो, टॉर्क वाढत नाही. उलट मोटरची ताकद वेगाच्या प्रमाणात घटते, १५ किलोवॅटची मोटर तिथे अडीच किलोवॅटची होते. उसाने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये ठेवायचा आणि नुसता ॲक्सिलेटर कमी करायचा, तसा हा प्रकार.

लिव्हर २५ च्या जागी टाका. आता मोटरचे ५८ फेरे होतील तेव्हा स्पिंडलचा एक होईल, टॉर्क ५,७०० च्या घरात जाईल आणि त्यातले २० टक्के गिअरमध्ये खर्च झाले तरी साडेचार हजार हातात उरतील. तोच कट, तीच मोटर, तोच ड्राइव्ह.

मग व्हीएफडी कशाला? दोन गिअरच्या मधला वेग मिळवायला, आणि फेसिंग (जॉबचं सपाट तोंड कापणं) करताना टूल आत जाईल तसा वेग चढवायला. ३० ते ५५ हर्ट्झच्या पट्ट्यात तो फार उपयोगी आहे. त्याच्या खूप खाली सतत चालवलात तर आणखी दोन गोष्टी बिघडतात. एक, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे वेग उतरला की वारा उतरतो आणि वाइंडिंग तापतं. तिथे चालवायचंच असेल तर वेगळ्या सप्लायचा ब्लोअर लावा. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच जुन्या लेथमध्ये हेडस्टॉकचा (स्पिंडल आणि गिअर असलेल्या पेटीचा) ऑइल पंप मुख्य मोटरकडून आलेल्या शाफ्टवरच चालतो. ८-९ हर्ट्झवर मशिन चालू ठेवा आणि हेडस्टॉकवरच्या काचेत बघा. ५० हर्ट्झला जिथे तेलाची धार पडते तिथे थेंब पडत असतील, तर १२ टनांचा रोलर पेलणारं बेअरिंग जवळपास कोरडं फिरतंय. पंपाला स्वतंत्र छोटी मोटर लावणं हा खर्च वायफळ नाही.

जाता जाता : कूलंट पंप आणि रॅपिडची (टूल झटपट सरकवणारी) मोटर व्हीएफडीच्या पुढच्या तारेवर जोडलेली नाही ना, हे एकदा पाहून घ्या. त्यांना थेट मेन सप्लायच हवा.

प्रश्न : लेथच्या पाटीवर १६, २०, २५, ३१.५, ४०, ५०, ६३ असे वेग का असतात? १०, २०, ३० असे सरळ का नसतात? (आयटीआय टर्नर ट्रेडचा विद्यार्थी, सातारा)

उत्तर : प्रत्येक आकड्याला १.२६ ने गुणत गेलं की पुढचा येतो. असे दहा टप्पे चढलात की वेग दसपट होतो, तीन टप्प्यांत दुप्पट. त्यामुळे पाटीवर कुठेही असलात तरी हवा तो वेग आणि मिळणारा वेग यातला फरक टक्क्यांत सारखाच राहतो, जास्तीत जास्त साधारण २० टक्के. दहादहाने वाढवले असते तर १० आणि २० मध्ये दुपटीची उडी पडली असती आणि २९० आणि ३०० मधला फरक टूलला कळलाही नसता.

प्रश्न : रोलरवर जुनं आर्किंग असतं. टर्निंगला घेतला की टिपा पटापट फुटतात. वेग वाढवून बघितला, कमी करून बघितला. नेमका किती ठेवायचा? (टर्नर, इस्लामपूर)

उत्तर : वेग वाढवणं तर सोडूनच द्या. ऊस धरावा म्हणून दातांवर वेल्डिंगचे जे कडक ठिपके टाकतात (तेच आर्किंग), त्यांच्यावर टिप एका फेऱ्यात कितीतरी वेळा आपटते. वेग जितका जास्त तितका तो मार जोरात. पहिल्या पासला नेहमीच्या निम्म्याहून खाली या, २५-३० मीटर प्रति मिनिट चालेल. कटची खोली मात्र कमी करू नका. लोक घाबरून अर्धा मिलिमीटर कट घेतात आणि टिपचं टोक नेमकं त्या कडक थरातच घासत राहतं. टोक थराच्या खाली, मूळ बिडात जाईल इतका कट हवा. ग्रेडही टफ घ्या, नुसता कडक नको. थर फार जाड असेल तर आधी ग्राइंडरने उतरवा, एवढ्या टिपांपेक्षा ते स्वस्तात पडेल.

आर्किंग निघून गेलं की वेग परत वर न्या. पुढे ग्रूव्ह पाडताना तो पुन्हा उतरवावा लागेल, कारण व्ही-टूलची दोन्ही अंगं जॉबला लागलेली असतात आणि थोडा जरी वेग जास्त झाला की टूल वाजायला लागतं. वाजलं की १०-१५ टक्के खाली या. नाही थांबलं तर तितकंच वर जाऊन बघा, चॅटर कधी कधी वर गेल्यावरही सुटतो.

प्रश्न : सीएनसी लेथवर १२०० मिमीच्या फ्लँजचं फेसिंग जी ९६ वर करतो. टूल मध्याकडे गेलं की मशिन इतकं घोंघावतं की ऑपरेटर मागे सरकतो. प्रोग्रॅममध्ये काय चुकतंय? (प्रॉडक्शन सुपरवायझर, चाकण)

उत्तर : ऑपरेटर शहाणा आहे. जी ९६ कटिंग स्पीड कायम ठेवतो, म्हणजे व्यास कमी होईल तसा आरपीएम वाढवत नेतो. १२० मीटरला १२०० मिमीवर ३२ आरपीएम, २०० मिमीवर १९१ आणि ५० मिमीवर ७६४. मध्याला तर मशिनचा जो काही कमाल वेग असेल तो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कमाल वेगाची मर्यादा नसणार. ती जी ९६ च्या आधीच्या ओळीत जी ५० आणि एस लिहून द्यायची. काही कंट्रोलरवर यासाठी जी ९२ असतो, तेव्हा तुमच्या मशिनचं मॅन्युअल उघडून खात्री करा.

मर्यादा किती, हे चक (जॉब पकडणारा भाग) ठरवतो, मशिन नाही. १० किलोचा एक जॉ (चकचा पकडणारा जबडा) मध्यापासून ४०० मिमीवर आहे असं धरा. ३०० आरपीएमला तो साधारण ४०० किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो, ६०० ला १,६०० किलोने. वेग दुप्पट, ओढ चौपट. जॉब बाहेरून धरलेला असेल तर ही सगळी ओढ पकडीतून वजा होते. आतून बोअरमध्ये धरला असेल तर पकड उलट वाढते आणि पातळ रिंग वाकडी होते.

चकवर कोरलेला कमाल आरपीएम हा संतुलित जॉबसाठी असतो. फ्लँजला एका बाजूला बॉस असेल, काउंटरवेट लावलेलं नसेल, तर त्याच्या खूप खाली राहा. नुसतं २० किलोचं असमान वजन ३०० मिमीवर असलं तरी ३०० आरपीएमला ते ६०० किलोने हेडस्टॉक हलवतं. आणि ड्रिलिंग किंवा थ्रेडिंगला जाण्याआधी जी ९७ (आरपीएम कायम ठेवणारा कोड) लिहायला विसरू नका.

प्रश्न : वडिलांचं वर्कशॉप आता मी बघते. एका मोठ्या परदेशी लेथला डीसी मोटर आहे. कमी वेगावर स्पिंडल मागे-पुढे झोके खातं. इलेक्ट्रिशियन म्हणतो टॅको (वेग मोजून ड्राइव्हला कळवणारा भाग) काढून टाकू आणि ड्राइव्ह आर्मेचर व्होल्टेजवर चालवू. चालेल का? की एसी मोटरच लावू? (वाचक, सातपूर, नाशिक)

उत्तर : टॅको काढायच्या आधी तो उघडून बघा. झोक्यांचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं : झिजलेले ब्रश, कार्बनच्या भुकटीने भरलेला कम्युटेटर, नाहीतर ढिली कपलिंग. कपलिंगचा ग्रब स्क्रू अर्धा फेरा सैल असला तरी एवढा झोका येतो. आर्मेचर व्होल्टेजवर मशिन चालेल, पण लोड आला की वेग जास्त पडेल आणि फील्ड (मोटरचं चुंबकीय क्षेत्र) कमी करून मिळणारे वरचे वेग सहसा हातचे जातील.

यात धोका आहे तो वेगळाच. चालू मशिनमध्ये टॅकोची तार तुटली तर ड्राइव्हला वाटतं स्पिंडल थांबलंय आणि तो मोटरला पूर्ण दम देतो. फील्डची तार गेली तरी डीसी मोटर पळत सुटते. म्हणून टॅको लॉस आणि फील्ड लॉस ही दोन्ही संरक्षणं चालू आहेत का, हे स्वतः उभं राहून तपासून घ्या, जॉब न चढवता. फील्ड रिले ट्रिप होतोय म्हणून तो वायरने जोडून टाकणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर त्याला आधी बाहेर काढा.

एसीची घाई नको. आर्मेचर आणि कम्युटेटर शाबूत असतील तर नवा डिजिटल डीसी ड्राइव्ह बराच स्वस्त पडतो, आणि ब्लोअर असलेली डीसी मोटर खालच्या वेगावर पूर्ण टॉर्क आरामात देते.

प्रश्न : रोलर थांबवताना ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवतो. (मेंटेनन्स फिटर, बारामती)

उत्तर : फिरता जॉब मोटरलाच जनरेटर करतो आणि ती वीज ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये साठते. १२ टनांच्या, १ मीटर व्यासाच्या रोलरमध्ये ६० आरपीएमला सुमारे ३० किलोज्यूल ऊर्जा असते. ५ सेकंदांत थांबवायला गेलात तर सरासरी ६ किलोवॅट कुठेतरी जाळावे लागतात, ३० सेकंदांत थांबवलात तर एकच. डिसेलरेशनचा वेळ वाढवा. घाईच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लावा, पण तो इलेक्ट्रिक पॅनेलच्या बाहेर, कारण तापतो.

रेझिस्टर लावला म्हणून मेकॅनिकल ब्रेक मात्र काढू नका. वीज गेली की ड्राइव्ह ब्रेक लावत नाही आणि रोलर आपल्या गतीने फिरत राहतो.