खाऱ्या टाकीच्या काचेवरचं चिवट शेवाळ
भाऊ, समुद्री माशांच्या टाकीची काच घासूनही साफ होत नाही म्हणालास ना, तर तुझ्या काचेवरचा जांभळट-गुलाबी टणक थर म्हणजे कोरलाइन शेवाळ. त्याच्या अंगातच कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणून स्पंजने घासून काही होणार नाही. टाकी काचेची असेल तर स्टीलचं पातं तिरपं धर आणि हळूहळू खरवड. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला पातं अजिबात लागू देऊ नको, गळती तिथूनच सुरू होते. टाकी ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असेल तर पातं नकोच, जुनं एटीएम कार्ड घे. काच आतून घासायचा चुंबकाचा ब्रश तळातल्या वाळूपासून दूर ठेव. एक कण अडकला तरी कायमचा ओरखडा. मागच्या काचेवरचं कोरलाइन मात्र मी काढत नाही, छान दिसतं ते.

हिरवं शेवाळ घासूनही लगेच परत येत असेल, तर पाणी तपास. आपल्या मराठवाड्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, क्षार भरपूर, बऱ्याचदा शेवाळाला खत ठरणारं नायट्रेटही. मीठ कालवायला आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं पाणी वापर, मीठ घालण्याआधी त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य दिसला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या आरओ पाण्याची घाल आणि टाकीतल्या पाण्याची घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५ च्या आसपास ठेव. लाइट आठ तास बास. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच.