मंगळाचा नकाशा म्हणजे यानाने काढलेले फोटो शेजारी शेजारी जोडायचे, एवढंच ना?

मलाही तसंच वाटायचं. एकदा मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याने टिपलेल्या, शेजारशेजारच्या भागांच्या दोन चित्रपट्ट्या उतरवून घेतल्या (त्या कुणालाही फुकट मिळतात) आणि जोडायला बसलो. डावीकडचं विवर जुळवलं की उजवीकडची दरी निसटायची. ती जुळवली की विवर हलायचं.

गोम अशी की हे आपल्या मोबाइलसारखे फोटोच नसतात. कॅमेऱ्यात पिक्सेलची एकच ओळ असते. यान सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटर वेगाने पुढे जातं आणि झाडू ओढावा तशी ती ओळ जमिनीवरून सरकत जाते, ओळीखाली ओळ साठत लांबलचक पट्टी तयार होते. मधेच यान किंचित डोललं तर पट्टीही वाकते. आणि 300 किलोमीटर उंचीवरून रोखलेल्या कॅमेऱ्याचा कोन 0.1 अंशाने जरी चुकीचा धरला, तरी जमिनीवरची जागा अर्धा किलोमीटर चुकते! सीटीएक्सचा एक पिक्सेल साधारण 6 मीटरचा, म्हणजे ही चूक ऐंशीहून जास्त पिक्सेलची.

शिवाय मंगळ सपाट नाही. तिरकं पाहिलं की डोंगरमाथा बाजूला सरकलेला दिसतो. म्हणून आधी उंची माहीत हवी. ती मार्स ग्लोबल सर्व्हेयर या आधीच्या यानावरच्या मोला या लेसर उंचीमापकाने मोजून ठेवली आहे. त्या चढउतारांवर पट्टी ताणून बसवायची आणि मग दोन्ही पट्ट्यांत दिसणाऱ्या त्याच त्या खुणा एकमेकींवर आणायच्या. रेखांश कुठून मोजायचे, हेसुद्धा कुणीतरी ठरवावं लागलं: मरिनर 9 या जुन्या यानाच्या चित्रांतलं एअरी-0 नावाचं छोटं विवर शून्य रेखांशासाठी निवडलं गेलं.

‘मग हायराइजनेच सगळा मंगळ का टिपत नाहीत?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. हायराइज म्हणजे त्याच ऑर्बिटरवरचा, जास्त बारीक पाहणारा कॅमेरा. त्याचा पिक्सेल 25-30 सेंटिमीटरचा, पण पट्टी जेमतेम 6 किलोमीटर रुंद. इतक्या वर्षांत मंगळाचा थोडासाच भाग त्यात आलाय.

सीटीएक्सचा जवळपास पूर्ण मंगळाचा नकाशा अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाच्या जे डिक्सन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये खुला केला. सुमारे 1,10,000 चित्रं, सहा वर्षांचं काम. बरीचशी संगणकाने जुळवली, पण त्याला न जमलेली 13,000 हाताने जोडावी लागली. माझ्या दोन पट्ट्यांचं दुःख तेव्हा जरा हलकं झालं.

मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी शिवणी लपवल्या नाहीत. कुठला पिक्सेल कुठल्या मूळ चित्रातून आलाय, हे शोधता येतं. त्यामुळे एखादी सरळ रेघ दिसली तर ती भेग आहे की दोन पट्ट्यांचा सांधा, हे तुम्ही स्वतःच तपासू शकता.