भाडेकरूंचं डिपॉझिट आहे कुठे?

प्रश्न: माझे तीन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. एजंट नाही, सगळं मीच बघतो. भाडं, करार, दुरुस्त्या यांचा हिशेब ठेवायला कोणतं ॲप घ्यावं? तिन्ही भाडेकरूंकडून सहा-सहा महिन्यांचं डिपॉझिट मिळालं होतं, ते भरून नुकताच चौथा फ्लॅट बुक केला. बाकी रकमेसाठी ९ टक्क्यांनी कर्ज घेतोय. बिल्डर तीन वर्षं, दरवर्षी फ्लॅटच्या किमतीच्या ८ टक्के भाड्याची हमी देतोय.

उत्तर: ॲपचं नंतर. डिपॉझिट तुम्हाला ‘मिळालं’ नव्हतं, सांभाळायला दिलं होतं. तिन्ही भाडी सारखी धरली तर तुमच्या डोक्यावर अठरा भाड्यांचं देणं आहे. दोघं एकाच महिन्यात निघाले, तर परत द्यायची बारा भाडी आणि हातात येणार एक. मग ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत त्यांना फिरवणार? ते किल्ली अडवून बसले तर?

आता ती हमी. शेजारी तसाच फ्लॅट रिसेलमध्ये कितीला जातो, विचारून या. तुमचे १०० आणि तिथे ८० निघाले, तर वीस बिल्डरने आधीच घेतले. खरं भाडं वर्षाला ८० वर ३ टक्के धरलं तर तीन वर्षांचे सात, तेही हमीच्या काळात त्याच्याकडेच. वीस आणि सात सत्तावीस. तुम्हाला देणार वर्षाला आठ, म्हणजे चोवीस. म्हणजे तुमचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत, वर त्याचं कमिशन. चौथ्या वर्षी भाडं येईल अडीच, आणि ८० कर्ज असेल तर नुसतं व्याज सातच्या आसपास. ‘पण भाव वाढेल ना’ हे तुमचं मनातलं इथपर्यंत ऐकू आलं!

बुकिंग रद्द केल्यास किती कापतात ते करारात आजच बघा. थोडं गेलं तरी बाहेर पडा. आलेले पैसे आधी डिपॉझिटच्या खात्यात, उरलेली तूट भाड्यातून. अगदी काहीच परत आलं नाही, तरी दरमहा तिन्ही फ्लॅटचं निम्मं भाडं बाजूला टाकलंत की वर्षात अठरा भाडी पुरी होतात.

आणि तीन फ्लॅटना ॲप कशाला? एक्सेल पुरे. डिपॉझिटचं खातं वेगळं ठेवा, त्याचं कार्ड घेऊच नका. करार संपायच्या तारखा चार-चार महिन्यांच्या अंतराने येतील असं बघा, दोन महिने आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा. किरकोळ दुरुस्ती ठरलेल्या रकमेपर्यंत भाडेकरूने करून घ्यावी आणि बिल पाठवावं. नळाच्या वायसरसाठी तुम्हाला रात्री फोन नको. ताबा देताना भिंतींचे फोटो आणि मीटरचं रीडिंग दोघांच्याही फोनवर असू द्या.